मन भटकतं, त्याला परत आणायचं

जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला (तेव्हाचं कागदोपत्री नाव उस्मानाबाद) ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. संमेलननगरीला नाव होतं संत गोरोबाकाकांचं आणि अध्यक्ष होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक आणि ‘सुबोध बायबल’चे लेखक. त्यांच्या निवडीवरून वाद झाला. त्या वादात एक साधा प्रश्न मात्र मागेच राहिला. दार लावून एकटे बसल्यावर ही फादर मंडळी प्रार्थना करतात, म्हणजे नेमकं काय करतात? मराठवाड्यात कॅथलिक घरं थोडीच. त्यामुळे चर्च म्हटलं की आपल्याला नाताळचा तारा, मेणबत्त्या आणि गाणी एवढंच आठवतं. पण गप्प बसण्याची दीड हजारांहून अधिक वर्षांची रीत या धर्मात आहे, आणि ती पायरीपायरीने सांगता येते.

सुरुवात अडचणीपासून करू, कारण ती मोबाइलच्या फार आधीची आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतवासात राहणाऱ्या साधकांपैकी एक होता इव्हाग्रियस. भर दुपारी साधकाला काय होतं, हे त्याने बारकाईने लिहून ठेवलं आहे. सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो. मग साधक खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे ते पाहतो, कुणी भेटायला येतंय का म्हणून वाटेकडे डोळे लावतो. खिडकीच्या जागी फोन ठेवला की हे वर्णन आजचं होतं. फरक आहे तो एकच, पण मोठा. त्या वाटेवरून बहुतेक वेळा कुणी येत नसे. फोनवर कुणी ना कुणी येतंच, आणि यावं अशीच त्याची रचना केलेली असते.

यावर कॅथलिक परंपरेचा पहिला उपाय अगदी साधा आहे. मन एकदम गप्प होत नाही, तर आधी हाताला आणि ओठांना काम द्या. रोझरी ती हीच. माळेत ५९ मणी असतात. त्यांतल्या ५३ मण्यांवर ‘नमो मरिया’ म्हणायची आणि ६ मण्यांवर येशूने शिष्यांना शिकवलेली ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. मुख्य माळेचे पाच भाग, प्रत्येकात दहा मणी. सगळी माळ सावकाश म्हणायला साधारण वीस मिनिटं लागतात.

वारकरी वाचकाला जप नवा नाही. इथे मात्र त्यात आणखी एक पदर आहे. प्रत्येक दहा मण्यांना येशू किंवा मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग नेमून दिलेला असतो. त्याला रहस्य म्हणतात. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं येतात : गेथशेमानी बागेतली रात्र, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस खांद्यावर घेऊन चालणं, मरण. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली. म्हणजे बोटं मणी ओढतात, ओठ ठरलेले शब्द म्हणतात आणि मन त्या बागेत जाऊन बसतं. शब्द इतके पाठ झालेले असतात की त्यांच्याकडे लक्ष द्यावं लागत नाही. लोक त्याला यांत्रिक म्हणतात. मला तर ती युक्तीच वाटते. चुळबुळ करणाऱ्या शरीराला गुंतवून ठेवलं की मनावरचं त्याचं ओझं कमी होतं. फोनशिवाय हात रिकामे वाटणाऱ्या माणसाने सुरुवात इथूनच करावी.

दुसरी रीत वाचनाची. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या कार्थुशियन मठवाशाने तिच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द चिंतन. बायबलमधला चार-सहा ओळींचाच उतारा घ्यायचा. हळू, शक्यतो ओठ हलवत वाचायचा. एखाद्या शब्दापाशी पाऊल अडखळलं की तिथेच थांबायचं, पुढे जायची घाई करायची नाही. तो शब्द पुन्हा पुन्हा मनाशी म्हणायचा, त्यावरून देवाशी जे बोलावंसं वाटेल ते बोलायचं आणि बोलणं आपोआप सरलं की नुसतं बसायचं. उतारा संपला नाही तरी चालतं. एका बोटाने पडदा सरकवत शंभर गोष्टी अर्ध्यामुर्ध्या वाचण्याच्या नेमकी उलट ही सवय आहे. अंगवळणी पडायला ती जड जाते, हेही सांगून ठेवतो.

तिसरी रीत रात्रीची. ती येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांची. झोपण्याआधी पाव तास दिवसाची उजळणी करायची. आधी आभार मानायचे, मग नीट दिसावं म्हणून प्रकाश मागायचा, मग सकाळपासूनचे तास एकेक करून पाहायचे, चुकलं त्याची क्षमा मागायची आणि उद्यासाठी एखादी गोष्ट ठरवायची. आज किती तास पडद्यावर गेले हे फोनही सांगतो. पण फोन हातात घेतला त्या क्षणी मी कशापासून पळत होतो, हे तो सांगत नाही. ही उजळणी तेच विचारते.

एवढं झालं की खरी शांत बैठक. चौदाव्या शतकात इंग्लंडमधल्या एका अनामिक लेखकाने सुचवलं होतं की एखादा छोटासा शब्द निवडा आणि विचार आला की त्या शब्दाकडे वळा. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका मठात थॉमस कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून आजच्या माणसाला जमेल अशी पद्धत बसवली : रोज दोन वेळा, प्रत्येकी वीस मिनिटं. आपल्याकडे हेच काम मुंबईत जन्मलेले येशूसंघी फादर अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांनी केलं. त्यांची ‘साधना’ संस्था आधी पुण्यात होती, मग लोणावळ्याला गेली. १९७८च्या ‘साधना’ या पुस्तकातला पहिलाच पाठ असा : डोळे मिटून दहा मिनिटं गप्प बसा. शांतता लाभली नाही, नुसता कोलाहल जाणवला, तरी तो जाणवला हीच कमाई. पुढे शरीराच्या संवेदना, श्वास आणि मग देवाशी संवाद असा क्रम येतो. पूर्वेकडच्या ध्यानपद्धतींचा ठसा त्यावर उघड दिसतो. १९९८ मध्ये व्हॅटिकनने डिमेलोंच्या लेखनाबाबत, विशेषतः नंतरच्या काळातल्या, इशारा दिला. नुसतं रितेपण हे या प्रार्थनेचं मुक्कामाचं ठिकाण नाही, समोर कुणीतरी ऐकणारा आहे, हा चर्चचा आग्रह. ध्यानाच्या अॅपमध्ये आणि या बैठकीत फरक पडतो तो इथेच.

आणि मन भटकलं तर? भटकणारच. स्पेनची संत तेरेसा (१५१५–१५८२) या बाबतीत फार प्रांजळ आहे. कित्येक वर्षं प्रार्थनेच्या वेळी आपलं लक्ष तास कधी संपतो याकडेच असे, असं तिने लिहिलं आहे. विचारांबद्दल तिचं म्हणणं असं की जात्याची खडखड चालू द्या, आपण आपलं पीठ दळत राहावं. संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी तर हिशेबच सोपा केला. तासभर मन पळत राहिलं आणि तासभर तुम्ही त्याला चिडचिड न करता हळुवारपणे परत आणत राहिलात, तर तो तास कारणी लागला. इतकी पुस्तकं लिहिली गेली, पण या प्रार्थनेची सगळी यंत्रणा या परत आणण्यावर चालते, असं मला वाटतं. भटकणं म्हणजे अपयश नव्हे. परत येण्याची ती संधी आहे, आणि वीस मिनिटांत ती पन्नास वेळाही मिळते.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा मराठी वाचकाला इथे आठवणारच : चिखल तुडवताना विठ्ठलाच्या नामात इतकी तल्लीनता की पायाखाली आलेल्या लेकराचंही भान राहिलं नाही. भक्तीचं टोक म्हणून आपण ती ऐकतो. तेरेसा मात्र भान हरपण्याकडे जरा संशयानेच पाहते. तासन्‌तास गुंगीत बसणाऱ्या धर्मभगिनींना जास्त खायला द्या, जास्त झोपू द्या आणि कामाला लावा, असं तिने मठप्रमुखांना बजावलं होतं. स्वयंपाकघरात पाठवलं तर देव तिथेही भांड्याकुंड्यांत भेटतो, असंही ती सांगे. दोन्ही परंपरांना एकाच तागडीत घालायची गरज नाही. पण नवशिक्याने तल्लीनतेची वाट पाहत बसू नये, एवढं त्यातून घ्यावं.

राहिला फोन. रोझरीची अॅप आहेत. पोपच्या प्रार्थना-जाळ्याचं ‘क्लिक टू प्रे’ही आहे. चर्चचं तंत्रज्ञानाशी वैर नाही. २००६ मध्ये पंधराव्या वर्षी वारलेला, संगणकात रमणारा कार्लो अकुतिस २०२५ मध्ये संत ठरला. हाच मुलगा व्हिडिओ गेमसाठी स्वतःला आठवड्याला एकच तास देत असे. अॅपवरून शब्द शिकायला हरकत नाही. पाठ झाले की फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि वेळ साध्या गजराच्या घड्याळावर लावावी. उपडा करून शेजारी ठेवलेला फोन वीस मिनिटं मनात वाजत राहतो.

बसायची जागा आणि वेळ रोज तीच ठेवावी. पाठ ताठ, पण आखडलेली नको. आणि ज्या दिवशी काहीच साधत नाही, उठून जावंसं वाटतं, त्या दिवसासाठी इग्नेशियसने वेगळा नियम घालून दिला आहे : ठरलेल्या वेळेआधी उठायचं तर नाहीच, उलट त्याहून थोडं जास्तच बसायचं. त्याने हे तासाच्या बैठकीसाठी सांगितलं. वीस मिनिटं बसणाऱ्याला गजर वाजल्यावर एक मिनिट पुरे.