जुन्या गाडीला नवा पट्टा



मारका बैल बांधायचा असला म्हणजे जाणता माणूस आधी खुंटा हलवून पाहतो, मग दावे हातात घेतो. दावे कोरे करकरीत असले, पण खुंटा भुसभुशीत मातीत असला, तर बैल खुंट्यासकट पसार होतो. आज सांगायची गोष्ट मोटारीची आहे. पण तिचे मर्म या खुंट्यातच आहे.

माझ्या मामांकडे १९६० नंतरच्या दशकातली एक जुनी पिकअप आहे. पत्र्याची केबिन, सलग बाकासारखे आसन आणि मागे हौदा. मामांनी ती लेकरासारखी जपली आहे. गेल्या दिवाळीत मी गेलो तेव्हा ते मोठ्या कौतुकाने म्हणाले, "अरे, गाडीला नवे सीट बेल्ट बसवून घेतले बघ. आता काळजी मिटली!" मी आत बसलो आणि पट्टा दोन्ही हातांनी नेट लावून ओढला. तर काय, पायाखालचा पत्राच फुगून वर आला! वाकून पाहिले. गंजक्या पत्र्याला भोक पाडून एक साधा बोल्ट आणि रुपयाएवढे वॉशर लावून दिले होते. मामा वरमले. म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी शोभेचाच पट्टा लावत होतो म्हण की!"

मी कॉलेजात गणित शिकवतो, तेव्हा मामांना हिशेबच करून दाखवला. तोच तुम्हांलाही सांगतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी झाडावर आदळली, तर आतल्या माणसाला बसणारा दणका जवळजवळ ३२ फूट उंचीवरून पडल्यासारखा असतो. गाडी थांबते, माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतो. त्याला पट्ट्याने अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबवायचे म्हटले, तर त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट ओढ पट्ट्यावर येते. माणूस ६० किलोचा असेल तर ही ओढ बारा क्विंटलांची झाली. जुन्या गाडीचा सांगाडा ताठ असतो, तो नव्या गाडीसारखा चेपत नाही; म्हणून तिथे ओढ याहूनही जास्त पडू शकते. आता तुम्हीच सांगा, बारा क्विंटलांचा झटका गंजका पत्रा सोसेल काय?

कोणी म्हणेल, "आमच्या वडिलांनी जन्मभर पट्ट्यावाचून गाडी हाकली. त्यांचे काय अडले?" ज्यांचे अडले ते सांगायला राहिले नाहीत, एवढेच त्याचे उत्तर. नीट बांधलेले शरीर किती सोसू शकते, हे अमेरिकेत जॉन स्टॅप या लष्करी डॉक्टरांनी स्वतःवर प्रयोग करून पाहिले. १० डिसेंबर १९५४ रोजी ते अग्निबाणाच्या जोरावर रुळांवरून धावणाऱ्या गाडीत बसले, ताशी हजार किलोमीटरांहून अधिक वेगाने गेले आणि दीड सेकंदाच्या आत थांबले. ते जगले, कारण पट्ट्यांनी त्यांना आसनाशी घट्ट आवळले होते. पुढे १९५९ साली स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीतले अभियंते नील्स बोलिन यांनी कंबर आणि छाती दोन्ही धरणारा तीन टोकांचा पट्टा तयार केला. आज आपण वापरतो तो हाच. आपल्याकडे नव्या मोटारींच्या पुढच्या आसनांना पट्टे देणे १९९४ पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत पट्टे नाहीत, आणि पट्ट्यांसाठी खुंटेही नाहीत.

मग जुन्या गाडीला पट्टा बसवायचा कसा?

पहिली गोष्ट खुंट्याची. कमरेच्या पट्ट्याची दोन्ही टोके शक्यतो चासीला किंवा तिला जोडलेल्या भक्कम आडव्या पट्टीला जोडावीत. पत्र्यातूनच न्यावी लागली, तर आधी गंजका भाग कापून चांगला पत्रा जोडून घ्यावा, आणि खालून निदान तळहाताएवढी, तीन मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी द्यावी. तिच्या कडा घासून गोल कराव्यात, नाहीतर तीच पट्टी पत्रा कापील. बोल्ट सीट बेल्टसाठी बनवलेला, कणखर पोलादाचाच हवा; डब्यात सापडला तो लावला, असे करू नये.

दुसरी गोष्ट खांद्याकडच्या टोकाची. ते बसणाऱ्याच्या खांद्याच्या उंचीवर किंवा थोडे वर असावे. पुष्कळदा ते आसनामागे जमिनीलाच ठोकतात. तसे केले तर धडकेच्या वेळी पट्टा खांदा खाली दाबतो आणि सारा भार पाठीच्या कण्यावर येतो. केबिनचा खांब पोकळ पत्र्याचा असतो, म्हणून आतून जाड पट्टी जोडून तो आधी भक्कम करावा. उघड्या जीपला खांबच नसतो. तिथे चासीला जोडलेली भक्कम नळीची कमान करावी. ती होईपर्यंत निदान कमरेचा पट्टा तरी लावावा.

तिसरी गोष्ट गुंडाळीची. हळू ओढला तर पट्टा सुटतो, हिसका दिला तर अडकतो, ही करामत त्या डबीत असते. ती ज्या कोनात बसवायला सांगितली असेल त्याच कोनात बसवावी. वाकडी बसली तर पट्टा सारखा अडकून राहील, नाहीतर नको तेव्हा सुटेल.

चौथी गोष्ट जिवाची. पुष्कळ जुन्या जीपांत पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते, आणि १९५० च्या सुमाराच्या अमेरिकन शेव्हरोले पिकअपमध्ये ती केबिनमध्येच, आसनाच्या पाठीमागे असते. तेव्हा भोक पाडण्याआधी किंवा वेल्डिंग करण्याआधी टाकी काढून दूर ठेवावी. रिकाम्या टाकीवर विसंबू नये, बरं का! तिच्यातली वाफ पेट घेते.

भंगारबाजारातून उतरवलेला पट्टा घेऊ नये. एका अपघातात ताणला गेलेला पट्टा दिसायला धड दिसतो, पण त्याचा कस गेलेला असतो. आणि काम सुरू करण्याआधी आर.टी.ओ. कचेरीत एकदा विचारून घ्यावे.

आता एक नाजूक गोष्ट. पोर मांडीवर घेऊन आई पुढे बसते. वाटते, आपण घट्ट धरले आहे. पण त्याच हिशेबाने दहा किलोचे लेकरू धडकेच्या क्षणी दोन क्विंटलांचे होते. कोणत्या आईच्या हातांना ते पेलेल? लेकराला त्याच्या वयाचे वेगळे आसन हवे; एका पट्ट्यात दोघांना बांधणे तर फारच वाईट. आणि मागच्या हौद्यात वऱ्हाड किंवा मजूर बसवणे याला कोणताच पट्टा उपाय नाही. हौदा मालासाठी आहे.

शिक्षक मित्रांनो, वर्गात एक छोटा प्रयोग करून दाखवा. चाकांच्या फळीवर ओल्या मातीची बाहुली ठेवा आणि फळी उतरणीवरून सोडून विटेवर आदळू द्या. बाहुली उडून पडेल. मग तिला फळीशी बारीक दोऱ्याने बांधा. दोरा मातीत रुतेल. मग रुंद फितीने बांधा. बाहुली बरीचशी शाबूत राहील. शेवटी तीच फीत फळीवर नुसत्या खळीने चिकटवून पाहा. पट्टा रुंद का असतो आणि तो कुठे बांधावा, हे दोन्ही धडे मुलांना न बोलता कळतील.

मामांनी जुने काम उखडून टाकले. चासीपासून आधार घेऊन, खांब भक्कम करून पट्टे नव्याने बसवून घेतले. तरी मी त्यांना म्हटले, "मामा, पट्टा आला म्हणून गाडी नवी झाली नाही. ब्रेक जुनेच आहेत, बेताने हाका." ते हसले. पण आता गाडीत बसले की आधी पट्टा दोन्ही हातांनी नेट लावून ओढून पाहतात आणि मगच किल्ली फिरवतात.

तुमच्या दारात अशी जुनी गाडी असेल, तर उद्या सकाळी तुम्हीही एकदा खुंटा हलवून पाहा.