दक्षिणेतलं वर्ष – भाग ६ : झुकलेली सुई

हा भाग सूर्यमाळला बसून लिहितेय. मोखाडा तालुक्यातल्या या डोंगरावर डिसेंबरात पहाटे बोटं आखडतात, पण ऊन येणार हे ठरलेलं. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशीही इथे जवळजवळ ११ तास सूर्य असतो. गेल्या भागात आपण अंटार्क्टिकावरच्या भारताच्या ‘मैत्री’ तळावर पोचलो. तिथे मेअखेरीस मावळलेला सूर्य जवळपास दोन महिने उगवतच नाही. समुद्र गोठलेला, जहाज केव्हाच परतलेलं. हिवाळ्यासाठी मागे राहिलेली पंचवीसेक माणसं त्या अंधारात काय करतात? आज त्यांतलं एकच काम सांगते: पृथ्वीचं चुंबकत्व मोजण्याचं.

काल इथल्या पोरांबरोबर शिवणाची सुई मधोमध दोऱ्याने बांधली, आडवी तोलून घेतली आणि मग तिच्यावर चुंबक घासलं. पुन्हा लोंबती सोडली तर ती उत्तर-दक्षिण झालीच, शिवाय उत्तरेचं टोक खाली गेलं. पोरं म्हणाली, गाठ सरकली. दोनदा पाहिलं, गाठ जागच्या जागी! आपल्याकडे पृथ्वीच्या चुंबकरेषा साधारण २५ अंशांनी जमिनीत शिरतात. ‘मैत्री’वर हीच सुई दक्षिणेच्या टोकावर झुकेल, तीही ६० अंशांहून जास्त. रेषा अशा उभ्या होत जातात तिथे सूर्याकडून आलेल्या विद्युतभारित कणांना खाली उतरायला वाट मिळते. आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसतो, आणि वर वाहणाऱ्या विद्युतप्रवाहांनी जमिनीवरचे चुंबकमापक हलतात.

ही मोजणी पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था करते. यंत्रं आपोआप नोंदी घेतात, पण थंडीने, काळाने त्यांचा आकडा हळूहळू सरकतो. म्हणून माणसाला ठरावीक दिवसांनी कुटीत जाऊन थिओडोलाइटवर हाताने कोन मोजावे लागतात. घड्याळ, पट्टा, किल्ल्या, मोबाइल, सगळं बाहेर ठेवायचं. दुर्बीण चार वेगवेगळ्या स्थितींत फिरवून तोच कोन पुन्हा वाचायचा, तेव्हा कुठे यंत्रातली चूक वजा होते.

ही शिस्त आपल्या घरचीच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकमापक हलणार म्हटल्यावर वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली. १९०४ मध्ये तिथलं काम सुरू झालं. इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड पारखून घेतला होता. कुलाबा लगेच बंदही केलं नाही. दोन वर्षं दोन्हीकडे मोजणी चालली, म्हणजे जुनी नोंद नव्या नोंदीला जोडता येईल. मला ही दोन वर्षं फार मोलाची वाटतात.

त्याआधी, २ सप्टेंबर १८५९ रोजी, एका चुंबकीय महावादळात कुलाब्यात आडवं चुंबकबल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरलं. तिथे एरवी तासातासाला आणि गडबड दिसली की काही मिनिटांनी डोळ्यांनी आकडे वाचून लिहीत. त्या महावादळाचा अभ्यास करणारे आजही त्याच वहीकडे वळतात.

पुढच्या आठवड्यात प्रियदर्शिनी तलावाकडे जाऊ. ‘मैत्री’चं पाणी तिथून येतं.