घरगुती प्रिंटर : किंमत आणि खर्च

परीक्षेचे प्रवेशपत्र, नोकरीचा अर्ज, मुलांचे शालेय प्रकल्प अशा कामांसाठी घरी प्रिंटर असावा, असे अनेकांना वाटते. लहान जागेत मावणारे इंकजेट प्रिंटर बहुधा सर्वांत स्वस्त दिसतात. परंतु वस्तूची किंमत आणि ती वापरण्याचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद ध्यानात घेऊनच निवड केली पाहिजे.

प्रथम या यंत्राचे कार्य समजून घेऊ. इंकजेट प्रिंटरच्या शीर्षात केसाहूनही बारीक छिद्रे असतात. त्यांतून आकाशी, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर उडवले जातात. काही यंत्रांत शाई क्षणभर तापवून बुडबुडा निर्माण करतात व त्याच्या दाबाने थेंब बाहेर पडतो. काहींत विजेमुळे आकार बदलणारा घटक शाईला पुढे ढकलतो.

शाई साठवण्याच्याही दोन पद्धती आहेत. पहिलीत शाईची छोटी डबी, म्हणजे कार्ट्रिज, बसवतात. दुसरीत यंत्रातील टाकीत बाटलीने शाई भरतात. एप्सन कंपनीने २०१० मध्ये इंडोनेशियात असे टाकीचे प्रिंटर प्रथम विक्रीस आणले. कार्ट्रिजचे यंत्र स्वस्त, पण त्याची शाई महाग. टाकीचे यंत्र महाग, पण त्याची शाई स्वस्त, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, ३,००० रुपयांच्या प्रिंटरचे ८०० रुपयांचे कार्ट्रिज १६० पाने छापते. म्हणजे प्रत्येक पानाला ५ रुपयांची शाई लागते. याउलट १०,००० रुपयांच्या प्रिंटरची ४०० रुपयांची बाटली ४,००० पाने छापते. येथे एका पानाला केवळ १० पैसे पडतात. प्रत्येक पानामागे ४ रुपये ९० पैसे वाचत असल्याने, किमतीतील ७,००० रुपयांचा फरक सुमारे १,४३० पानांत भरून निघतो. आठवड्याला दहा पाने छापणाऱ्या कुटुंबास यासाठी पावणेतीन वर्षे लागतील. दोनच पाने छापणाऱ्यास तेरा वर्षांहून अधिक!

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. यंत्र दीर्घकाळ बंद राहिल्यास छिद्रांतील शाई वाळते आणि ती साफ करण्यातही शाई खर्ची पडते. म्हणून वर्षातून चार-दोनदाच छपाई करणाऱ्यास जवळच्या दुकानातून पाने छापून घेणेच परवडते.

खरेदीपूर्वी दुकानदाराला पुढील प्रश्न अवश्य विचारा :

१. शाईची किंमत किती व तीत किती पाने छापून होतात?
२. काळी शाई पाण्याने पसरते का? अर्ज व दाखले छापताना याला महत्त्व आहे.
३. प्रत्येक रंगाची शाई स्वतंत्रपणे बदलता येते का?
४. दुरुस्तीची सोय आपल्या गावात आहे का?

आपली गरज किती पानांची आहे, हे आधी वहीत मांडावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी.