बाजारभावाचं ॲप करताय? आधी स्वॅगर बघा

मंठ्यात कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरापोरींनो, सोयाबीन-तुरीच्या भावाचं ॲप करायचं मनात असेल तर हे वाचाच. केंद्र सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या साइटवर बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयने (एका प्रोग्रॅमला दुसऱ्याकडून माहिती मागता येण्याची सोय) मिळतात: जिल्हा, बाजार, शेतमाल, किमान-कमाल दर. त्यावर स्वतःची सेवा उभी केलीत, तर तिला काय विचारायचं आणि ती काय उत्तर देते, हे स्वॅगर या एपीआयचं वर्णन लिहिण्याच्या साधनात लिहून ठेवा.

वर्डनिक या ऑनलाइन शब्दकोशाचं काम करताना टोनी टॅम यांनी स्वॅगर बनवलं. २०१५ मध्ये त्याचा वर्णन लिहिण्याचा आराखडा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. आता त्या आराखड्याला ओपनएपीआय म्हणतात. वायएएमएल या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पत्ते, पॅरामीटर, उत्तराचे नमुने लिहिले, की स्वॅगर यूआय त्याचं पान तयार करतं आणि तिथूनच खरी विनंती पाठवून बघता येते! ही सोय मला फार मोलाची वाटते. वर्णनं मराठीतही लिहिता येतात. परवाना अपाचीचा, म्हणजे पूर्ण मोफत.

वायएएमएलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच द्या. आणि आपली एपीआय-की (डेटा मागताना लागणारी गुप्त किल्ली) त्या फाइलमध्ये कधीही लिहू नका. कुणी सुरुवात केली तर कमेंटमध्ये जरूर सांगा.