मेंढे, थोरले भाऊ आणि १९३४ चा खटला

कपाशी उपटून झाली की जामनेरकडच्या काळ्या रानांत मेंढ्यांचे कळप उतरतात. शेतकरी रात्री शेतात मेंढ्या बसवून घेतो. लेंडीखताला तोड नाही. असा कळप दिसला की मला हटकून अमेरिकेतले मेंढे आठवतात. चार्ल्स रोसेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. शंभरातले साधारण आठ मेंढे माजावरची मेंढी समोर असतानाही दुसऱ्या मेंढ्याकडेच जातात! २००४ साली त्यांचे मेंदू तपासल्याचं प्रसिद्ध झालं. हायपोथॅलॅमसमधला पेशींचा एक बारीक पुंजका मेंढीकडे जाणाऱ्या नरांत जवळपास दुप्पट मोठा निघाला. या पुंजक्यातला नर-मादीचा फरक कोकरू पोटात असतानाच घडतो. तिथे दोष द्यायला कुठली संगत आणि कुठला मोबाइल?

माणसाचं कोडं याहून गुंतागुंतीचं. एकाच आईच्या पोटी जितके थोरले मुलगे, तितकी धाकट्याला पुरुषांची ओढ असण्याची शक्यता वाढते. दर भावामागे साधारण एक तृतीयांशाने. मूळ शक्यताच इतकी थोडी, की बहुतेक धाकटे तसे नसतात. तरी केवढं नवल! आईचं शरीर आधीच्या मुलग्यांची जणू आठवण ठेवतं. मुलग्यांतच असणाऱ्या एका प्रथिनाविरुद्ध तिच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होत असावीत, असा २०१७ च्या एका अभ्यासाचा कयास आहे. जनुकांचं म्हणाल, तर २०१९ मध्ये पावणेपाच लाख लोक तपासूनही ‘ते’ एक जनुक सापडलं नाही. असंख्य जनुकांचा इवला इवला वाटा. आईचे लाड किंवा बापाचा धाक यांमुळे असं होतं, याला मात्र भक्कम पुरावा नाही.

अशी ओढ निसर्गतः असते की नाही, हा वाद आपल्याकडे कोर्टातही गाजला आहे. र. धों. कर्वे आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देत. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिकतेचे अभ्यासक हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेऊन त्यांनी मांडलं, की एखाद्याची ओढ निसर्गतःच तशी असेल तर त्यात गैर काही नाही. खटला ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. हे वाचताना माझा ऊर भरून येतो. प्रौढांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमातून मोकळे केले ते ६ सप्टेंबर २०१८ ला, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांनी. आणि तो निकाल जनुकांवर नव्हे, माणसाच्या प्रतिष्ठेवर आणि खासगीपणाच्या हक्कावर उभा आहे.

तरीही ‘आमचं काय चुकलं?’ म्हणत आईबाप मुलाला ‘बरं’ करायला दवाखान्यात नेतात. त्यांना एवढं कळावं असं फार वाटतं: असा उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच कळवलं आहे.