पाठीवर सॅक घेऊन लंडनची संग्रहालये कशी पाहावीत?

परदेशातली संग्रहालयं बघणं हे पैसेवाल्यांचं काम, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. वर्गात जगाचा नकाशा लावला की मुलंही पहिला प्रश्न तोच विचारतात, "सर, तिकडं जायला किती पैसे लागतात?" विमानाचं तिकीट आणि व्हिसा यांचा खर्च मोठा आहे, तो लपवण्यात काही अर्थ नाही. पण एकदा लंडनमध्ये उतरलात की तिथल्या मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांत शिरायला एक पेनीही लागत नाही. डिसेंबर २००१ पासून तिथे सर्वांना प्रवेश मोफत आहे. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, नॅचरल हिस्टरी म्युझियम, सायन्स म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, टेट मॉडर्न, सगळी यात आली. तात्पुरत्या खास प्रदर्शनांना मात्र तिकीट असतं. दारात देणगीची पेटी दिसते; टाकायचं की नाही ते तुमच्या मनावर.

म्हणजे हॉस्टेलमधल्या सामाईक खोलीत एक खाट घेऊन राहणाऱ्यालाही हे जमण्यासारखं आहे. आता कसं बघायचं ते पाहूया.

आधी सॅकचं बोलू. दारात सामानाची तपासणी होते आणि मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत. त्यामुळे मोठी सॅक हॉस्टेलवरच ठेवा. सोबत छोटी पिशवी, पाण्याची बाटली, वही आणि पेन्सिल पुरे. शहरात फिरायला बस स्वस्त पडते. एकदा पावणेदोन पौंड भरले की तासाभरात कितीही बस बदला. मात्र बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड लागतं. शुक्रवार हाताशी राखून ठेवा. त्या दिवशी ब्रिटिश म्युझियम रात्री साडेआठपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट दहापर्यंत उघडं असतं, आणि संध्याकाळी शाळांच्या सहलींची गर्दी ओसरलेली असते. (सहलींबद्दल तक्रार नाही हं, मी स्वतः दरवर्षी एक नेतो!) कोणतं दालन दुरुस्तीसाठी बंद आहे हे सकाळीच संकेतस्थळावर बघून निघा, नाहीतर ज्यासाठी गेलात तेच दिसायचं नाही.

आता एक गणित सोडवूया. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात सुमारे ८० लाख वस्तू आहेत. त्यांतल्या साधारण ८० हजार मांडलेल्या आहेत. एका वस्तूला फक्त १० सेकंद दिले तर किती वेळ लागेल? ८ लाख सेकंद, म्हणजे २२२ तास. संग्रहालय रोज सात तास उघडं धरलं, तर जेवणखाण सोडून महिनाभर नुसतं चालावं लागेल! म्हणून 'सगळं बघून टाकू' हा विचार दारातच सोडून द्या. चार-पाच वस्तू ठरवा आणि प्रत्येकीसमोर पंधरा मिनिटं थांबा. आधी नुसतं बघा. मग पाटी वाचा. आणि पाटीवर एक गोष्ट मुद्दाम शोधा : ही वस्तू इथं आली कशी? माझ्या मते संग्रहालयातला खरा इतिहासाचा तास त्या ओळीपाशी सुरू होतो.

रोझेटा शिला घ्या. काचेपुढे कायम गर्दी असते, बहुतेक जण फोटो काढून पुढे सरकतात. इ.स.पू. १९६ मधला एकच राजादेश तिच्यावर तीन लिप्यांत कोरलेला आहे : वर इजिप्तची चित्रलिपी, मध्ये तिथली रोजच्या व्यवहारातली डेमोटिक लिपी आणि खाली ग्रीक. ग्रीक वाचता येत होतं. त्याच्या आधाराने १८२२ मध्ये फ्रान्सच्या शांपोलियाँने चित्रलिपीचं कोडं सोडवलं. आता इथे येण्याची गोष्ट बघा. १७९९ मध्ये नेपोलियनच्या सैनिकांना ती इजिप्तमध्ये सापडली. पुढे फ्रेंच हरले, आणि करारानुसार शिला इंग्रजांकडे गेली. ज्या इजिप्तच्या मातीतून ती निघाली, त्या इजिप्तच्या लोकांना कोणी विचारलंच नाही.

याच इमारतीत अमरावतीचं दालन आहे. आपल्या विदर्भातली अमरावती नव्हे, आंध्रातली, कृष्णेच्या काठची. तिथल्या भव्य बौद्ध स्तूपाची कोरीव शिल्पं इथे काचेआड लावलेली आहेत. फिकट चुनखडीचा दगड, त्यावर कमळं, हत्ती, बुद्धचरित्रातले प्रसंग. महाबळेश्वरला उगम पावणारी तीच कृष्णा, आणि तिच्या खालच्या काठावरचे दगड थेम्सच्या गावात. काही शिल्पं चेन्नईच्या संग्रहालयात आहेत, म्हणजे एकाच स्तूपाचे भाग दोन खंडांत विभागले गेले. तिथे उभं राहिल्यावर 'जपून तरी ठेवलंय' आणि 'आमचं आहे' असे दोन्ही विचार मनात येतात. दोन्ही येऊ द्या, घाईने एक निवडू नका. ग्रीसच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पंही याच संग्रहालयात आहेत आणि ग्रीस ती परत मागतो आहे. अथेन्समध्ये २००९ साली नवं संग्रहालय उघडलं, तिथे लंडनला असलेल्या शिल्पांच्या जागी प्लास्टरच्या प्रतिकृती लावल्या आहेत.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या संग्रहातला टिपूचा वाघ मुलांना सांगायला फार छान. लाकडी वाघ एका युरोपियन माणसाला खाली पाडून त्याच्या गळ्यावर बसलाय. आत यंत्र आणि छोटा बाजा आहे. दांडा फिरवला की माणसाचं विव्हळणं आणि वाघाचं गुरगुरणं ऐकू येतं. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, आणि लुटीतून हा वाघ इंग्रजांच्या हाती लागला.

त्याच संग्रहालयाची वाघनखं आपल्या चांगल्या ओळखीची. २०२४ मध्ये ती तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. ती जेम्स ग्रँट डफ या साताऱ्यात नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या घराण्याकडून संग्रहालयाला मिळाली. सोबतच्या डबीवर, शिवाजी महाराजांनी याने मुघल सरदाराला मारलं, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आहे. मुघल? चौथीतलं कोणतंही पोर लगेच सांगेल की अफझलखान आदिलशाहीचा सरदार होता! १६५९ च्या भेटीत वापरलेली वाघनखं हीच, याची खात्री देता येत नाही, असं संग्रहालय स्वतःच सांगतं. वस्तू मौल्यवान असली तरी तिच्यावरची पाटी तपासूनच वाचायची, हे वर्गात शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

बाकीचं थोडक्यात. नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये शिरल्या शिरल्या डोक्यावर २५ मीटर लांबीचा निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला दिसतो. नॅशनल गॅलरीत व्हॅन गॉगची सूर्यफुलं बघा. टेट मॉडर्न ही मुळात वीजनिर्मितीची इमारत, तिथली सगळीच चित्रं समजली पाहिजेत असं नाही. कोहिनूर टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे, पण तिथे तिकीट तीस पौंडांच्या पुढे जातं. पैसे मोजके असतील तर मी तरी तो टाळेन.

त्याऐवजी ग्रिनिचची टेकडी चढा. बाग मोफत आहे, वेधशाळेच्या आत मात्र तिकीट आहे. १८८४ मध्ये इथलं रेखावृत्त शून्य अंश मानायचं ठरलं. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरची. भागाकार करा, साडेपाच तास येतात की नाही? (उन्हाळ्यात ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा होतो.) गंमत म्हणजे मोबाइलच्या जीपीएसमधला शून्य अंश त्या आखलेल्या रेषेवर येत नाही, सुमारे १०२ मीटर पूर्वेला बागेत येतो. वेधशाळेच्या छतावर लाल गोळा आहे. १८३३ पासून तो दुपारी बरोबर एकला खाली पडतो, नदीतल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून. हा गोळा बाहेरून फुकट दिसतो.

आणि एक ठिकाण, जे परदेशी पुस्तकांच्या यादीत बहुधा सापडणार नाही. १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. तुटपुंज्या पैशांत राहून ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात तासन्तास वाचत बसायचे. ग्रंथालय आता दुसरीकडे हललं आहे, पण त्याची गोल वाचनालयाची इमारत म्युझियमच्या मधल्या चौकात अजून उभी आहे. सकाळी ती बघा आणि दुपारी घराकडे जा. चॉक फार्म स्टेशनला उतरलात की पुढे चालत जाता येतं.