सीट मिळेपर्यंतची शर्यत

पुण्यात गाडी चालवणारी बाई हा काही बातमीचा विषय नाही. आमच्या कसबा पेठेत तर नाहीच नाही. सकाळच्या वेळी फडके हौदापाशी किंवा तांबट आळीच्या तोंडाशी उभं राहून पाहा. पुढे दप्तर, मागे मूल, हँडलला भाजीची पिशवी आणि समोरून येणाऱ्या टेम्पोला बोटभर अंतराने चुकवत निघालेली बाई तुम्हाला दर मिनिटाला दिसेल. तिच्या हातातल्या कौशल्याचं आपल्याला काही वाटत नाही, कारण ते रोजचं आहे. पण ऑगस्ट २०२४ मध्ये याच शहरातल्या एका बाईंनी गाडी चालवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, आणि ती मात्र मोठी बातमी झाली.

त्यांचं नाव डायना पुंडोले. पेशाने शिक्षिका, दोन मुलांची आई. चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर झालेल्या राष्ट्रीय कार-शर्यतींत सलून गटाचं अजिंक्यपद त्यांनी जिंकलं. पुरुष आणि स्त्रिया एकत्र धावतात अशा गटात हे यश मिळवणारी पहिली भारतीय महिला म्हणून त्यांची दखल घेतली गेली. पुढच्याच वर्षी त्यांचं नाव आणखी मोठ्या ठिकाणी ऐकू आलं. नोव्हेंबर २०२५ ते एप्रिल २०२६ या हंगामात आखाती देशांत होणाऱ्या फेरारी क्लब चॅलेंज मालिकेसाठी त्यांची निवड जाहीर झाली. फेरारीच्या आंतरराष्ट्रीय मालिकेत उतरणारी पहिली भारतीय महिला, असं त्या वेळी सांगितलं गेलं. तिथली गाडी फेरारी २९६ चॅलेंज. सातशे अश्वशक्तीची. आपल्या घरासमोरच्या साध्या मोटारीत ऐंशी-नव्वद अश्वशक्ती असते, यावरून अंदाज करा.

शर्यतीत गाडी चालवणारा माणूस घडतो कसा, आणि मुख्य म्हणजे त्याला गाडी देतं कोण, याबद्दल आज बोलायचं आहे. कारण या खेळातली सर्वांत अवघड शर्यत हिरवा दिवा लागण्याच्या आधीच संपलेली असते.

मोटार-शर्यत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती फॉर्म्युला वन. उघडी चाकं, एकाच माणसाची बैठक, विमानासारखी निमुळती गाडी. पण या खेळाची दुसरी एक मोठी शाखा आहे, ती स्पोर्ट्‌स कारची. हिच्यात चाकं झाकलेली असतात आणि गाडी दिसायला रस्त्यावरच्या मोटारीची बहीण वाटते. हिचे पुन्हा प्रकार आहेत. घरगुती मोटार सुधारून केलेली ती सलून किंवा टूरिंग कार. फेरारी, पोर्शे यांच्यासारख्या मूळच्याच वेगवान गाड्यांची शर्यतीसाठी केलेली आवृत्ती, ती जीटी. आणि केवळ शर्यतीसाठीच जन्माला आलेली ती प्रोटोटाइप.

या शाखेचं मोठं तीर्थक्षेत्र म्हणजे फ्रान्समधलं ल माँ. तिथली चोवीस तासांची शर्यत १९२३ मध्ये सुरू झाली. साडेतेरा किलोमीटरहून मोठी एक फेरी, आणि दुपारपासून दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत गाडी धावत ठेवायची. एक माणूस इतका वेळ चालवू शकत नाही, म्हणून साधारणपणे तिघे मिळून आळीपाळीने एकच गाडी चालवतात. अमेरिकेत डेटोनाला चोवीस तासांची आणि सेब्रिंगला बारा तासांची अशीच शर्यत होते. इथे एकट्याच्या धाडसाला फार किंमत नाही. गाडी जशी हाती आली तशीच धड अवस्थेत पुढच्याच्या हाती देणं, याला किंमत आहे.

धाडसावरून आठवलं. शर्यतीचा चालक म्हणजे जिवावर उदार झालेला माणूस, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो अतिशय हिशेबी माणूस असतो. गाडी रस्त्याला धरून असते ती फक्त चार टायरच्या जोरावर, आणि प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग जमिनीला टेकलेला असतो. ब्रेक लावणं, वळणं आणि वेग वाढवणं ही तिन्ही कामं त्या तेवढ्याशा पकडीतून करून घ्यायची असतात. एका कामाला पकड जास्त वापरली की दुसऱ्याला कमी उरते. म्हणून वळण येण्याआधी, सरळ रस्त्यावरच वेग बराचसा उतरवायचा. मग बाहेरच्या कडेने आत शिरायचं, वळणाच्या आतल्या टोकाला घासून जायचं आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघायचं. असं केलं की वळण आहे त्यापेक्षा उघडं, मोकळं होतं. कसब्यातल्या गल्लीत रिक्षा घालणारा जुना रिक्षावाला हेच करतो, फक्त त्याला त्याचं शास्त्र कुणी शिकवलेलं नसतं.

शरीराचाही कस लागतो. बंद गाडीत उष्णता पन्नास अंशांच्या पुढे जाऊ शकते. अंगावर आगीला दाद न देणारे थरावर थर असलेले कपडे, डोक्यावर हेल्मेट. वळणावर मान बाहेरच्या बाजूला ओढली जाते, ब्रेकवर पायाची सगळी ताकद लागते. घामावाटे दोन-तीन लिटर पाणी निघून जाणं ही नेहमीची गोष्ट. आणि हे होत असताना डोकं थंड ठेवून प्रत्येक फेरीत तेच वळण त्याच ठिकाणी, त्याच वेगाने घ्यायचं. गझलेत प्रत्येक शेराच्या शेवटी तोच रदीफ यावा लागतो आणि तरी तो नवा वाटावा लागतो, तसं हे काम आहे. एक फेरी वेगाने मारणारे पुष्कळ असतात. चाळीस फेऱ्या सारख्याच मारणारे थोडे, आणि नाव होतं ते त्यांचं.

आता गाडी कोण देतं, या प्रश्नाकडे येऊ. इथे अमेरिकेतल्या एका बाईंची हकिगत सांगण्यासारखी आहे. लिन सेंट जेम्स या १९४७ मध्ये ओहायो राज्यात जन्मल्या. त्या पियानो शिकवत असत. आपल्या पुण्याच्या डायनाबाईंप्रमाणे त्याही मूळच्या शिक्षिकाच. सत्तरच्या दशकात फोर्ड कंपनीची पिंटो नावाची साधी, छोटी मोटार घेऊन त्या हौशी शर्यतींत उतरल्या. फ्लोरिडातल्या पहिल्याच शर्यतीत गाडी फिरली आणि थेट बाजूच्या पाणथळीत जाऊन बुडाली. दुसरं कुणी असतं तर तिथेच थांबलं असतं. त्या थांबल्या नाहीत.

पण जिद्दीने गाडी विकत येत नाही. त्यांनी फोर्ड कंपनीला पत्रं लिहायला सुरुवात केली. एक नव्हे, अनेक, आणि तीही काही वर्षं. शेवटी १९८१ च्या सुमारास कंपनीने त्यांना करारावर घेतलं. त्यानंतरची कामगिरी पाहा. १९८७ आणि १९९० मध्ये डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांच्या गाडीने आपला गट जिंकला. १९९२ मध्ये त्या इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत उतरल्या, अकराव्या आल्या आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम नवोदित ठरल्या. तेव्हा त्यांचं वय होतं पंचेचाळीस. या एका शर्यतीसाठी त्यांनी शंभराहून अधिक कंपन्यांचे दरवाजे ठोठावले होते. होकार आला तो जे. सी. पेनी या दुकानांच्या साखळीकडून, जिचं गिऱ्हाईक मुख्यतः बायका होत्या. डेटोना जिंकायला चोवीस तास लागले, पण तिथल्या सीटवर बसायला कित्येक वर्षं लागली.

या धंद्यात दोन प्रकारचे चालक असतात. एक पैसे घेऊन बसणारा, दुसरा पैसे देऊन बसणारा. ऐकून नवल वाटेल, पण दुसऱ्या प्रकाराला या खेळात अधिकृत जागा आहे. जागतिक संघटना स्पोर्ट्‌स कारच्या चालकांची ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशी प्रतवारी करते. अनेक शर्यतींत एका गाडीत एक व्यावसायिक आणि एक हौशी चालक असावाच लागतो, आणि हौशी माणसाने ठरावीक वेळ गाडी चालवावीच लागते. बऱ्याचदा त्या हौशी चालकाच्या, म्हणजे एखाद्या उद्योगपतीच्या, पैशावर तो संघ उभा असतो आणि व्यावसायिकाचा पगारही त्यातूनच निघतो. क्रिकेटमध्ये कर्णधाराने पैसे भरून संघात यावं, अशी कल्पना करून पाहा! इथे त्यावाचून गाडा चालत नाही, कारण टायर, इंधन, मेकॅनिक, वाहतूक, मोडतोड हा सगळा खर्च प्रत्येक शर्यतीला नव्याने उभा राहतो.

आणि सीट मिळाली तरी ती टिकेलच असं नाही. आपला नारायण कार्तिकेयन, फॉर्म्युला वनमध्ये गेलेला पहिला भारतीय, २००९ मध्ये ल माँला ऑडी गाडी चालवणार होता. शर्यत सुरू होण्याच्या थोडंच आधी पिटच्या भिंतीवरून उतरताना तो पडला, खांदा निखळला आणि त्याला गाडीत बसताच आलं नाही. उरलेल्या दोन सोबत्यांनी चोवीस तास रेटले आणि सातवा क्रमांक आणला.

मग प्रश्न येतो आपल्या शहराचा. पुणे हे मोटारींचं माहेरघर. पिंपरीला टाटा, आकुर्डीला बजाज, चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवॅगन. मोटारींची तपासणी करणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था वेताळ टेकडीवर आहे. स्पोर्ट्‌स कारचं वेडही पुण्याला नवं नाही. सीरम इन्स्टिट्यूट काढण्याआधी, साठच्या दशकात, तरुण सायरस पूनावाला यांनी एका मित्राबरोबर एक स्पोर्ट्‌स कार बनवून पाहिली होती. नमुना होता जग्वारच्या डी-टाइपचा, म्हणजे १९५५ ते १९५७ अशी सलग तीन वर्षं ल माँ जिंकणाऱ्या गाडीचा. कारखाना काढण्याएवढं भांडवल जमेना, तेव्हा तो नाद सोडून ते लशींकडे वळले. तिथेही आडवा आला तो पैसाच.

एवढ्या मोटारी बनवणाऱ्या या शहरातल्या चालकाला राष्ट्रीय शर्यतीसाठी मात्र चेन्नई किंवा कोइमतूर गाठावं लागतं. चेन्नईजवळचा, पावणेचार किलोमीटरच्या आसपासचा ट्रॅक १९९० पासून आहे. त्याआधी शोलावरमच्या युद्धकाळातल्या विमानतळावर शर्यती होत. आपल्याकडे कोल्हापूरने मोहिते कुटुंबाच्या पुढाकाराने कार्टिंगचा ट्रॅक उभारला. मुंबईचा जहान दारूवाला युरोपात जाऊन फॉर्म्युला टूच्या शर्यती जिंकून आला. पण लहानपणीच कार्टिंग, मग परदेश, ही वाट फार थोड्या घरांना परवडणारी आहे.

डायना पुंडोले यांची वाट निराळी होती. महिलांसाठी घेतलेल्या निवड चाचणीतून त्या या खेळात आल्या. निवड चाचणी म्हणजे काय? आयोजकांची गाडी, आयोजकांचा ट्रॅक, सगळ्यांना तेवढ्याच फेऱ्या, आणि हातात घड्याळ. घड्याळाला नाव, गाव, वय, लग्न, मुलंबाळं काही कळत नाही. सलून गटातही सगळ्यांच्या गाड्या एकाच बनावटीच्या असतात, आणि आखातातल्या त्या फेरारी मालिकेतही तसंच. गाडी सारखी असली की पैशाचा जोर काहीसा कमी होतो आणि चालकाचा हात दिसू लागतो.

हा खेळ मुळातच स्त्री-पुरुष असा भेद करत नाही. नियमाने दोघांना एकाच रांगेत उभं केलं आहे. चेन्नईची अलिशा अब्दुल्ला दुचाकीच्या शर्यतींत मुलांबरोबर धावली आणि मग मोटारीकडे वळली; तिचे वडील स्वतः दुचाकीचे राष्ट्रीय विजेते होते, म्हणून घरातच गाडी होती आणि घरातच होकार होता. अलीकडे फक्त मुलींसाठी वेगळ्या मालिकाही निघाल्या. डब्ल्यू सिरीज २०१९ मध्ये सुरू होऊन २०२२ मध्ये पैशाअभावी बंद पडली. २०२३ पासून एफ वन अकॅडमी सुरू झाली. वेगळी रांग हवी की नको यावर दोन मतं आहेत. मला वाटतं, मुली मागे पडतात त्या ट्रॅकवर नव्हे, ट्रॅकपर्यंत येण्याच्या रस्त्यावर. मुलगा आठव्या वर्षी कार्टमध्ये बसतो तेव्हा घरात कौतुक होतं. मुलीच्या बाबतीत, 'लागलं-बिगलं तर?' हा प्रश्न आधी येतो.

जाता जाता एक खुलासा. हे ऐकून कुणी बाजीराव रस्त्यावर वेग वाढवू नये. खरा शर्यतीचा चालक रस्त्यावर फार सावकाश जातो, कारण ब्रेक लागायला किती अंतर लागतं हे त्याला ठाऊक असतं. लांबवर पाहा, वळणाच्या आधी वेग उतरवा, हेल्मेट घाला, पट्टा बांधा. ट्रॅकवरचं एवढं ज्ञान घरी आणलं तरी पुष्कळ झालं.

बाकी, महापालिका आणि एवढ्या सगळ्या मोटार कंपन्या मिळून वर्षातून एकदा एखादं मोकळं मैदान, चार कार्ट आणि एक घड्याळ देऊ शकतील. नाव नोंदवायला पैसे नकोत. वय आणि घराणं विचारू नये. मग पेठांमधून किती जणी रांगेत उभ्या राहतात ते मोजावं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)